सोन्याचा चेंडू आणि गोलकीपर

मी गोलकीपर. कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून खेळलो, गुडघ्यानं साथ सोडली तेव्हा थांबलो, आणि आता शाळेतल्या पोरांना गोलपोस्टखाली कसं उभं राहायचं ते शिकवतो. त्यामुळे जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरवणाऱ्या ‘बॅलन डी’ओर’चा विषय निघाला की लोकांना मेस्सी-रोनाल्डो आठवतात, मला लेव्ह यशिन आठवतो. १९५६ ते २०२५ या काळात हा पुरस्कार ६९ वेळा दिला गेला. कोरोनामुळे २०२० साल तेवढं रिकामं गेलं. या ६९ वेळांत गोलकीपरच्या हाती तो सोन्याचा चेंडू एकदाच आला, १९६३ साली. तो गोलकीपर म्हणजे मॉस्कोचा यशिन. मैदानावरच्या अकरा जणांपैकी एक जण प्रत्येक संघात गोलकीपरच असतो, त्याच्याशिवाय सामना सुरूच होत नाही. तरीही हिशेब ६९ मध्ये एक. हे असं का, याचा विचार मी बरीच वर्षं करत आलोय.

पुरस्काराची कल्पना गाब्रिएल आनो या फ्रेंच पत्रकाराची. आनो स्वतः फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले. युरोपातल्या विजेत्या क्लबांची आपसांत स्पर्धा व्हावी, हा आग्रहही त्यांचाच. ती स्पर्धा १९५५ मध्ये सुरू झाली, तिलाच आज आपण चॅम्पियन्स लीग म्हणतो. पुढच्याच वर्षी ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकानं युरोपातल्या १६ पत्रकारांना विचारलं, या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू कोण? उत्तर आलं, इंग्लंडचा स्टॅनली मॅथ्यूज. वय ४१. ब्लॅकपूलकडून उजव्या बगलेवर खेळणारा. त्याला ४७ गुण पडले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आल्फ्रेडो डी स्टेफानोला ४४. डी स्टेफानो त्याच वर्षी रेआल माद्रिदबरोबर पहिला युरोपियन कप जिंकला होता, तरी पत्रकारांनी ४१ वर्षांच्या विंगरला मान दिला. त्या निवडीत मला मोठेपणा दिसतो. करंडक कोणी उचलला एवढंच न मोजता त्यांनी माणसाचा खेळ बघितला. मॅथ्यूज पुढे पन्नाशीपर्यंत इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत खेळला.

पुरस्कार घडवतात पॅरिसच्या मेलेरिओ घराण्याचे जवाहिरे. ही पेढी १६१३ सालापासूनची. पितळेचे दोन अर्धगोल जोडून चेंडू तयार होतो, त्यावर हातानं शिवणी कोरतात, मग सोन्याचा मुलामा देतात आणि पायराइटच्या दगडावर तो बसवतात. जगातल्या प्रत्येक फॉरवर्डची नजर असते ती या वस्तूवर.

आता यशिन.

महायुद्धाच्या काळात हा मुलगा शाळा सोडून कारखान्यात काम करत होता. पुढे डायनॅमो मॉस्कोत गेला. तिथं सुरुवातीच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात समोरच्या गोलकीपरनं मारलेली लांब किक थेट त्याच्या जाळ्यात गेली. चेंडू धरायला पुढे आलेला यशिन आपल्याच बॅकवर आदळला होता. मुख्य संघात जागा मिळेना म्हणून तो बर्फावरच्या हॉकीत गोल राखू लागला आणि १९५३ मध्ये डायनॅमोबरोबर सोव्हिएत कप जिंकला. त्यानंतर मात्र फुटबॉलमधली जागा पक्की झाली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्ण, १९६० मध्ये पॅरिसला राष्ट्रीय संघांच्या पहिल्याच युरोपियन स्पर्धेचं विजेतेपद. जन्मभर एकच क्लब.

त्यानं काय बदललं, ते सांगायला मला मैदानावर जावं लागेल. नव्या पोराला मी पहिल्यांदा गोलमध्ये उभा करतो तेव्हा दोन्ही पोस्टना एकेक दोरी बांधतो आणि दोऱ्यांची दुसरी टोकं पेनल्टी एरियात ठेवलेल्या चेंडूपाशी आणून पक्की करतो. पोरगं हमखास गोललाइनवर उभं असतं. मी म्हणतो, हात पसर. दोन्ही दोऱ्या हातापासून लांब राहतात, एवढ्या की मधून चेंडू आरामात जाईल. मग म्हणतो, दोन पावलं पुढं ये. पुढं आलं की दोऱ्या बोटांना लागायला लागतात. आणखी एक पाऊल, की दोन्ही बाजू हाताच्या टप्प्यात. फॉरवर्डला आता गोल दिसतच नाही, गोलकीपर दिसतो. याला आम्ही ‘अँगल मारणं’ म्हणतो. मग पुढचा धडा: जास्त पुढं आलास तर चेंडू डोक्यावरून जाणार. त्या एका-दोन पावलांच्या हिशेबात गोलकीपरचं अर्धं आयुष्य जातं.

यशिनच्या आधीचे बहुतेक गोलकीपर लाइनला चिकटून असायचे. यशिन पुढं यायचा. पेनल्टी एरिया ही आपली हद्द आहे असं समजून तो तिच्यात फिरायचा, क्रॉस आला की गर्दीत उडी घेऊन मुठीनं चेंडू बाहेर काढायचा, बॅकना सतत ओरडून जागा सांगायचा. चेंडू हातात आला की लगेच दूर फेकून आपल्या संघाची चढाई सुरू करून द्यायचा. आज हे सगळे गोलकीपर करतात. काळसर पोशाख आणि लांब हात यांमुळे लोक त्याला काळा कोळी म्हणू लागले.

१९६२ चा विश्वचषक चिलीत झाला आणि तिथं तो पडला. आरिका शहरातल्या सामन्यात कोलंबियाविरुद्ध चार गोल गेले आणि जिंकत आलेला सामना ४-४ असा सुटला. त्यातला एक गोल मार्कोस कोलनं थेट कॉर्नरवरून मारलेला. पुरुषांच्या विश्वचषकात आजवर असा दुसरा गोल झालेला नाही. मग उपांत्यपूर्व फेरीत यजमान चिलीनं २-१ नं घरी पाठवलं. मायदेशी सगळं खापर यशिनवर फुटलं. मैदानात उतरला की शिट्ट्या सुरू. वयाची तेहतिशी आलेली, खेळ सोडावा असं त्याच्या मनात होतं. गोलकीपरचं हे दुःख मी समजू शकतो. फॉरवर्डनं तीन संधी घालवल्या आणि चौथी साधली तर तो हिरो होतो. गोलकीपरनं दहा चेंडू अडवले आणि अकरावा सुटला तर लोकांच्या लक्षात अकरावाच राहतो.

पण त्यानं खेळ सोडला नाही. १९६३ च्या लीगमध्ये २७ सामने खेळला आणि त्यात सहाच गोल खाल्ले. त्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची शंभरी साजरी करायला वेम्ब्लीवर इंग्लंड विरुद्ध जागतिक संघ असा सामना झाला. जागतिक संघात डी स्टेफानो, युसेबिओ, डेनिस लॉ, कोपा, मासोपुस्ट, आणि गोलमध्ये यशिन. तो पूर्वार्धातच खेळला आणि त्या वेळात इंग्लंडला गोल करता आला नाही. तो बाहेर गेल्यावर इंग्लंड २-१ नं जिंकलं. नोव्हेंबरात रोमला इटलीविरुद्ध सान्द्रो माझोलाची पेनल्टी त्यानं अडवली, सोव्हिएत संघ पुढच्या फेरीत गेला. वर्षअखेर मतं मोजली तेव्हा इटलीचा जानी रिव्हेरा दुसरा, इंग्लंडचा जिमी ग्रीव्ह्ज तिसरा आणि यशिन पहिला.

वर्षभर इतकं अचाट काही केलं तेव्हा कुठं एका गोलकीपरला मान मिळाला. त्याच्यानंतर जवळ आलेल्यांची यादी मला पाठ आहे. १९७३ मध्ये दिनो झोफ दुसरा, क्रायफच्या मागं. २००१ आणि २००२, दोन्ही वर्षी ऑलिव्हर कान तिसरा. २००६ चं तर फारच लागतं मनाला. त्या विश्वचषकात इटलीनं सात सामन्यांत फक्त दोन गोल खाल्ले. एक अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच खेळाडूचा स्वयंगोल, दुसरा फायनलमधली झिदानची पेनल्टी. चालू खेळात एकाही प्रतिस्पर्ध्याला बुफॉनला चकवता आलं नाही. बुफॉन दुसरा आला. पहिला आला फाबिओ कॅनाव्हारो, त्याच्याच पुढं उभा राहणारा बॅक. कॅनाव्हारोबद्दल माझी तक्रार नाही, बॅकच्या वाट्याला हा चेंडू येणं तितकंच दुर्मीळ. बेकेनबाउर दोनदा, १९९६ मध्ये मॅथियास झामर आणि हा. झालं, बचावफळीचा हिशेब संपला.

२०१४ मध्ये मान्युएल नॉयर. अल्जीरियाविरुद्ध तो पेनल्टी एरियाच्या कितीतरी बाहेर येऊन चेंडू काढत होता, दुसरा बॅकच जणू. जर्मनी विश्वविजेती झाली. मतदानात रोनाल्डोला ३७.६६ टक्के, मेस्सीला १५.७६ आणि नॉयरला १५.७२. मेस्सी फायनल हरलेला, नॉयर जिंकलेला.

मला वाटतं, कारण साधं आहे. गोल मोजता येतो. टीव्हीवर रात्री दहा सेकंदांची क्लिप दाखवतात ती गोलची. दूरच्या देशातला मतदार वर्षभराचे सगळे सामने बघू शकत नाही, त्याच्यापुढं क्लिप असते आणि गोलांचा आकडा असतो. गोलकीपरनं बॅकला ओरडून दोन फूट डावीकडं सरकवलं आणि त्यामुळं शॉट मारलाच गेला नाही, याची क्लिप कोण करणार? न झालेली गोष्ट कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

म्हणून २०२४ मध्ये रॉड्रीला पुरस्कार मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. रॉड्री गोलकीपर नव्हे, बॅकही नव्हे. बचावफळीच्या पुढं उभा राहून चेंडू तोडणारा आणि साधा पास देऊन खेळ चालता ठेवणारा मिडफिल्डर. त्या वर्षी मँचेस्टर सिटीबरोबर लीग आणि स्पेनबरोबर युरो कप, दोन्ही त्याच्या नावावर. रॉड्रीला ११७० गुण, रेआल माद्रिदच्या व्हिनिसियसला ११२९. व्हिनिसियसला मिळणार नाही हे आधीच कळल्यावर माद्रिदचं कोणीच पॅरिसच्या शातले नाट्यगृहातल्या समारंभाला फिरकलं नाही. हे वागणं मला आवडलं नाही. रॉड्री मात्र कुबड्या घेऊन स्टेजवर आला, कारण महिनाभरापूर्वीच त्याचा गुडघा फाटला होता. तो नसताना नोव्हेंबर-डिसेंबरात सिटी सामन्यामागून सामने हरली. त्याची किंमत काय होती ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. सुदैवानं मतदारांनी ते आधीच ओळखलं होतं.

मतदान कसं चालतं ते सांगतो. आता पुरस्कार कॅलेंडर वर्षाचा राहिलेला नाही, २०२२ पासून तो युरोपियन हंगामाचा आहे. ‘फ्रान्स फुटबॉल’ ३० नावं जाहीर करतं. पुरुषांसाठी फिफा क्रमवारीतल्या पहिल्या १०० देशांचा प्रत्येकी एक पत्रकार मत देतो, महिलांसाठी पहिल्या ५० देशांचा. प्रत्येकानं दहा नावं क्रमानं लावायची. पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०, आणि असं उतरत दहाव्याला एक. निकष तीन: आधी खेळाडूची स्वतःची कामगिरी, मग संघाचं यश, मग वागणूक आणि खिलाडूपणा. २०२५ मध्ये आपला देश पहिल्या शंभरात नव्हता, त्यामुळे भारतातून मत नव्हतं.

भारताचंही मत होतं असा एक काळ होता. २०१० ते २०१५ या सहा वर्षांत हा पुरस्कार फिफाच्या पुरस्कारात मिसळला गेला होता आणि फिफाच्या सगळ्या सदस्य देशांचे कर्णधार, प्रशिक्षक आणि एकेक पत्रकार मत देत होते. ऐकायला किती लोकशाही वाटतं! पण पहिल्याच वर्षी काय झालं बघा. हॉलंडचा वेस्ली स्नायडर इंटर मिलानबरोबर लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकला, देशाला विश्वचषकाच्या फायनलला नेलं. पत्रकारांच्या मतांत तो पहिला होता. कर्णधार आणि प्रशिक्षकांची मतं मिळाल्यावर तो चौथा झाला आणि मेस्सी पहिला. कर्णधार-प्रशिक्षक हे खेळातले जाणकार, पण ते आपापल्या मोसमात बुडालेले असतात. जगभरचे सामने बसून बघणं हे त्यांचं काम नव्हे. २०१६ मध्ये दोन्ही पुरस्कार पुन्हा वेगळे झाले ते बरं झालं.

या पुरस्कारानं आणखीही कितीतरी जणांना दाराबाहेर ठेवलं होतं. सुरुवातीला तो फक्त युरोपीय खेळाडूंसाठी होता. पेले यादीत नाही, मॅराडोना नाही, गारिंचा नाही. कारण एवढंच की त्यांचा देश अटलांटिकच्या पलीकडं. १९६५ चा विजेता युसेबिओ जन्मला मोझांबिकमध्ये, पण ती तेव्हा पोर्तुगालची वसाहत, म्हणून तो पात्र ठरला. १९९५ मध्ये नियम बदलला, युरोपातल्या क्लबाकडून खेळणारा कुठल्याही देशाचा चालेल असं ठरलं, आणि त्याच वर्षी लायबेरियाचा जॉर्ज विया जिंकला. त्याच्यानंतर आफ्रिकेतल्या कुठल्याही देशाच्या खेळाडूला तो मिळालेला नाही. २००७ पासून सगळं जग खुलं झालं. पुरस्काराला साठ वर्षं झाली तेव्हा ‘फ्रान्स फुटबॉल’नं स्वतःच जुना हिशेब पुन्हा मांडला: बंधन नसतं तर पहिल्या ३९ पुरस्कारांपैकी १२ दक्षिण अमेरिकनांना गेले असते, त्यातले सात पेलेला, दोन मॅराडोनाला. चूक कबूल करायला धैर्य लागतं, ते त्यांनी दाखवलं. पण त्या नव्या हिशेबात गोलकीपर यशिनचं १९६३ साल पेलेकडं गेलं! मूळ मानकरी त्यांनी तसेच ठेवले, म्हणून यशिनचा चेंडू राहिला.

महिलांसाठी पुरस्कार सुरू व्हायला २०१८ उजाडलं. पहिली मानकरी नॉर्वेची आडा हेगरबर्ग. त्यानंतर मेगन रॅपिनो, दोनदा आलेक्सिया पुतेयास, आणि २०२३ पासून सलग तीन वेळा आयताना बोनमाती. पुतेयास आणि बोनमाती दोघी मिडफिल्डर, म्हणजे सातपैकी पाच वेळा खेळ रचणारीला मान मिळाला. पुरुषांच्या यादीत असं दिसत नाही, आणि महिलांच्या मतदारांना याबद्दल मी दाद देतो. गोलकीपर मात्र तिथंही नाही. २०२३ च्या विश्वचषकाची फायनल आठवा. इंग्लंडच्या मेरी अर्प्सनं स्पेनच्या हेर्मोसोची पेनल्टी अडवली, आणि त्या वेळी तिच्या नावाची जर्सी चाहत्यांना दुकानात मिळतच नव्हती. गोलकीपरची जर्सी कोण घेणार, असं धरून ती विक्रीला काढलीच नव्हती. लोकांनी ओरड केल्यावर काढली, तर हातोहात संपली.

२०१९ पासून ‘फ्रान्स फुटबॉल’ वर्षातल्या सर्वोत्तम गोलकीपरला यशिन ट्रॉफी देतं. पहिला मानकरी ब्राझीलचा आलिसन. मग दोनारुम्मा, कुर्त्वा, एमिलिआनो मार्तिनेझ दोनदा, पुन्हा दोनारुम्मा. २०२५ पासून महिला गोलकीपरलाही ती मिळते, पहिली इंग्लंडची हॅना हॅम्प्टन. यशिनचं नाव दिलं हे चांगलंच केलं. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर स्पर्धेची फायनल झाली की बेस्ट फॉरवर्ड, बेस्ट हाफ, बेस्ट डिफेन्स, बेस्ट गोलकीपर अशी जागेनुसार बक्षिसं वाटतात, आणि स्टँडमधली पेठ आपापल्या पोरासाठी शिट्ट्या मारते. बेस्ट गोलकीपरचं बक्षीस मी घेतलेलं आहे, त्याचा आनंद मला माहीत आहे. पण त्यानंतर जेव्हा ‘मॅन ऑफ द सिरीज’ पुकारतात तेव्हा गोलकीपरचं नाव त्या चर्चेतून आधीच बाजूला पडलेलं असतं: याला मिळालंय की एक. मला भीती आहे ती हीच. यशिन ट्रॉफीमुळं गोलकीपरची पंगत वेगळी बसली, आणि मतदार मोठ्या पुरस्काराच्या दहा नावांत त्याला आणखी खाली ढकलायला मोकळा झाला.

याचा परिणाम माझ्या मैदानावर होतो. सरावाला येणारी पोरं दहा नंबर मागतात. गोलमध्ये कोण, असं विचारलं की सगळी खाली बघतात, आणि शेवटी जो पळण्यात मागं पडतो त्याला ढकललं जातं. खरं तर तिथं संघातलं सगळ्यांत धीट आणि सगळ्यांत लक्ष देणारं पोर हवं. पालकही येऊन सांगतात, सर, ह्याला पुढं खेळवा. त्यांना मी यशिनचं नाव सांगतो, दोऱ्या बांधून दाखवतो.

आणि आता मी त्यांना मार्च २०२५ मधला अ‍ॅनफील्डचा सामनाही दाखवतो. चॅम्पियन्स लीग, पॅरिस सें-जर्मेन लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर. पहिला सामना पॅरिस ०-१ हरलं होतं. अ‍ॅनफील्डवर बाराव्या मिनिटाला उस्मान देम्बेलेनं गोल केला आणि बरोबरी झाली. त्यानंतर १०८ मिनिटं कोणालाच काही जमलं नाही, पेनल्टी शूटआउट झालं. पॅरिसच्या दोनारुम्मानं न्युनेझचा शॉट अडवला, मग कर्टिस जोन्सचाही अडवला. पॅरिस पुढं गेलं, आणि मेमध्ये म्युनिकला इंटरला ५-० हरवून पहिल्यांदाच युरोपचं विजेतं झालं. सप्टेंबरात शातलेमध्ये निकाल लागला. देम्बेले पहिला. दोनारुम्मा नववा, आणि यशिन ट्रॉफी.

देम्बेलेनं पहिला क्रमांक कमावला होता, त्याबद्दल वाद नाही. तो त्या मोसमात समोरच्या गोलकीपरवर सर्वांत आधी धावून जाणारा फॉरवर्ड होता, आणि फॉरवर्डनं बचाव करावा हे मी पोरांना रोज सांगतो. पण नववा? माझ्याकडं मतपत्रिका असती तर मी पहिलं नाव देम्बेलेचं लिहिलं असतं आणि लगेच खाली दुसरं दोनारुम्माचं.